जुनी २७ इंची रॅले कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर न्यायची आहे, चाकं ७००सी करू की ६५०बी?

कासवगती

नमस्कार मंडळी. इंग्लंडहून आलेली एक रॅले रेसर हाताशी आहे, १९८० च्या आसपासची, फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ चा (सायकलच्या स्टील नळ्यांचा प्रकार) स्टिकर. तिच्यावरून डिसेंबरात रेवस ते वेंगुर्ला, किनाऱ्याकिनाऱ्याने. उखडलेलं डांबर, जांभ्याचे लाल रस्ते, जेटीकडे उतरणारी खडी आणि ते लहान पण छातीवर येणारे चढ. मडगार्ड नको. मागे कॅरियरवर १० किलो सामान. चालवणाऱ्याचं वजन ७५ किलो.

मापं अशी: टायरवर २७ × १ १/४ आणि ३२-६३० छापलंय. रिम क्रोम केलेल्या स्टीलच्या, ३६ भोकी. ब्रेक वाइनमानचे सेंटरपुल (केबल मधोमध ओढणारे), हातावर ६१० कोरलेलं. ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंत पुढे ५४ मिमी, मागे ६० मिमी. टायर सर्वांत रुंद असतो तिथे चेनस्टेमध्ये (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) ४६ मिमी जागा, पुढच्या चिमट्यात (फोर्क) ४८. टायरच्या माथ्यापासून चिमट्याच्या मुकुटापर्यंत १४ मिमी, मागच्या ब्रिजपर्यंत (मागच्या नळ्यांना जोडणारी आडवी नळी) १७. मागचा हब १२६ मिमी रुंद, ६ गिअरचं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा मागच्या दातेरी चाकांचा गठ्ठा) १४-२८ दातांचं, पुढे ५२/४२.

तीन प्रश्न. चाकं ७००सी की ६५०बी? मनगटं आणि मान दुखते म्हणून सरळ हँडल लावायचं आहे, एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) ब्रेक लिव्हर पडून आहेत, त्या चालतील का? आणि चढासाठी गिअर कसे हलके करायचे?

आरेवाला

मापं घेऊन आलात, निम्मं काम झालं. लोक हँडल आणि सीटपासून सुरुवात करतात. सुरुवात चाकापासून करायची, कारण ब्रेक, गिअर, पॅडलची जमिनीपासूनची उंची हे सगळं त्याच्या मागून येतं.

६३० हा टायरच्या कडेचा व्यास. ७००सी चा ६२२, ६५०बी चा ५८४. म्हणजे ७००सी ला गेलात तर रिम ४ मिमी खाली सरकते, ६५०बी ला २३ मिमी. हेच आकडे तुमच्या ब्रेकच्या मापात मिळवा. ७००सी ला पुढे ५८, मागे ६४. ६५०बी ला पुढे ७७, मागे ८३.

बाजारात मिळणाऱ्या लांब हाताच्या कॅलिपरमध्ये (फ्रेमला एकाच बोल्टने लागणारा ब्रेक) टेक्ट्रो आर५५९ ची पोच, म्हणजे हेच बोल्ट ते रिमचं माप, ५५ ते ७३ मिमी. सेंटरपुलमध्ये दिया-कॉम्पे ७५० ची ६१ ते ७८. मागचे ८३ कोणातच बसत नाहीत. फ्रेमवर ब्रेकचे खुंट वितळवून जोडायचे नसतील (५३१ वर ते काम ज्याला ब्रेझिंग येतं त्यानेच करावं) तर तुमच्यासाठी ६५०बी चा विषय इथेच संपला.

६५०बी ला आणखी एक अडचण असते. ५८४ वर ४२ चा टायर लावला तर बाहेरचा व्यास ६६८, तुमचा आत्ताचा ६९४. बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची जागा) १३ मिमी खाली येतं. जांभ्याच्या चाकोरीत मधला उंचवटा असतो, तिथे पॅडल घासतात.

आता ७००सी बघा. ७०० × ३५ चा बाहेरचा व्यास ६९२, म्हणजे आत्ताच्या चाकाइतकाच. ७०० × ३८ चा ६९८, वरची जागा फक्त २ मिमीने कमी होईल, १४ च्या १२. चेनस्टेमध्ये ४६ मिमीत ३८ चा टायर म्हणजे दोन्ही बाजूंना ४ मिमी. यापेक्षा कमी सोडू नका. चाक किंचित आउट झालं किंवा चढावर जोर लावताना मागचं चाक वाकलं की टायर नळीला घासतो, आणि टायरला चिकटलेली खडी नळीचा रंग आणि मग धातू खरवडते. टायरवर ३८ छापलेलं असलं तरी रिम आतून २१ मिमी असेल तर काही टायर ३९-४० भरतात. बसवून, हवा भरून, एक रात्र ठेवून व्हर्नियरने मोजा. शंका असेल तर ३५ घ्या.

६३० मध्येच राहायचं म्हणाल तर पॅनारेसर पासेला आणि श्वाल्बे मॅरेथॉन २७ × १ १/४ मध्ये निघतात, पण रुंदी तिथेच संपते. आणि तुमच्या क्रोमच्या रिम तशाही जायलाच हव्यात. ओल्या क्रोमवर रबर धरत नाही. भरतीचं पाणी रस्त्यावर आलेलं असेल त्या उतारावर हे कळून उपयोग नाही.

दुकानात एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. आपल्या काळ्या रोडस्टरचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५. ते तुमच्या ६३० च्या जवळचं वाटतं पण बसत नाही, आणि ७००सी च्या टायरवरही कधी २८ छापलेलं असतं. इंचाचा आकडा बघूच नका, बाजूच्या भिंतीवरचा ३८-६२२ असा जोडआकडा बघा.

खडीसाखर

चाकांचं वरचं सगळं मान्य. हँडलबद्दल जरा थांबा.

एमटीबीच्या लिव्हर बहुधा व्ही-ब्रेकच्या (रिमच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेला ब्रेक) असतील. त्या कॅलिपरच्या लिव्हरपेक्षा जवळजवळ दुप्पट केबल ओढतात. कॅलिपरला जोडल्या तर हाताला ब्रेक एकदम कडक लागतो, ‘वा, काय घट्ट झालाय’ असं वाटतं, आणि सायकल थांबत नाही. केबल जास्त ओढली जाते म्हणजे जोर तितकाच कमी मिळतो. कॅलिपर किंवा कँटिलिव्हरसाठीच्या सरळ हँडलच्या लिव्हर वेगळ्या मिळतात, त्याच घ्या. काही लिव्हरमध्ये केबलचं टोक दोन जागी लावायची सोय असते, तीही चालेल.

आणखी एक: ड्रॉप हँडलची नळी २३.८ मिमी, सरळ हँडलची २२.२. एकाच्या लिव्हर आणि ग्रिप दुसऱ्याला बसत नाहीत. पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

पण मुळात सरळ हँडल कशाला? दिवसात ६०-७० किलोमीटर जायचं तर सरळ हँडलवर हाताची एकच जागा, तळवा कायम जमिनीकडे. ड्रॉपवर तीन-चार जागा मिळतात. मनगट दुखतं ते हँडलच्या आकाराने क्वचित. बहुतेक वेळा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, अंग पुढे घसरतं आणि हात त्याला रेटून धरतात. आधी पाणसळ ठेवून सीट सपाट करा. मग सीट रुळांवर थोडी मागे घ्या, ५ मिमी करत. हाताचा भार कमी झाला की नाही ते हँडलवरून हात एक क्षण उचलून कळतं: अंग पुढे कोसळलं नाही तर बरोबर.

त्यानंतर हँडल उचला. जुन्या रेसरवर ते सीटच्या ६-८ सेंटिमीटर खाली असतं, तुम्हाला सीटच्या पातळीला किंवा सेंटिमीटरभर खाली हवं. तुमचा स्टेम आतून घुसणारा, २२.२ मिमीचा. नित्तो टेक्नोमिकसारखा उंच दांड्याचा घ्या, किंवा २२.२ चं २८.६ करणारा जोड टाकून वर आजकालचा स्टेम बसवा. दुसऱ्या पद्धतीत पुढे स्टेम बदलून बघणं सोपं जातं. दांड्यावर कमीत कमी किती आत हवा याची रेघ असते, ती दिसली तर स्टेम धोक्यात आहे. आतली पाचर चिमट्याच्या दांड्यावरच्या आट्यांच्या खाली बसली पाहिजे. आटे असतात तिथे नळी पातळ असते, पाचर तिथे आवळली की नळी फुगते किंवा चिरते. दांड्याला ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी तो स्टीलमध्ये असा धरेल की करवत लागेल.

जुनं ॲल्युमिनियमचं हँडल आणि स्टेम खडबडीत रस्त्यावर नेऊ नका. चाळीस वर्षांनी त्यात थकवा आलेला असतो आणि ॲल्युमिनियम तुटताना आधी सांगत नाही. क्लँपच्या कडेला पुसून नखाने चाचपून बघा, रेघ लागली तर तिथूनच जातं. नवं ४४ किंवा ४६ सेंटिमीटर रुंदीचं ड्रॉप, उथळ वळणाचं, आणि त्यावर दोन थर टेप. क्लँपचं माप जुळवायला विसरू नका, २५.४, २६ आणि ३१.८ असे तीन भाऊ आहेत.

जुन्या लिव्हरला आडव्या जोडलिव्हर असतील, ज्या वरच्या सरळ भागावरून दाबतात, तर त्या काढून टाका. पूर्ण दाबल्या तरी हँडलला टेकतात आणि ब्रेक अर्धाच लागतो.

कासवगती

खडीसाखर, लिव्हर व्ही-ब्रेकच्याच निघाल्या. परत पेटीत. ड्रॉप ठेवतो.

आरेवाला, हब चांगले आहेत, छर्रे बदलून गुळगुळीत फिरतात. त्यावरच ७००सी रिम चढवता येतील का? की तयार चाकं घ्यावीत? तयार चाकं १३० मिमीची मिळताहेत. फ्रीव्हीलच्या मध्ये दोन खाचा दिसतात. क्रँकच्या शेजारशेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर ८४-८५ मिमी भरतंय.

आरेवाला

हब चांगले असतील तर त्यावरच विणा. ३६ भोकी हब या कामासाठी सोन्याचे. पण एक गोष्ट आधी: स्पोक सोडायच्या आत फ्रीव्हील काढा. फ्रीव्हील काढायला रिमचा आधार लागतो. स्पोक कापले की हबला धरायला काही उरत नाही आणि फ्रीव्हील त्यावर जन्मभर राहतं. ही चूक अनुभवी मेस्त्रीही करतात.

दोन खाचा म्हणजे बहुतेक सनटूरचं. त्याचं दोन दातांचं हत्यार लागतं, दुसरं कुठलंही घसरतं आणि खाच खराब झाली की पुन्हा पकड मिळत नाही. हत्यार खाचेत बसवा, क्विक रिलीजचा दांडा त्यातून घालून नट हाताने आवळा म्हणजे हत्यार उडणार नाही. हत्यार बाकावरच्या शिकंजात उभं धरा आणि रिमला दोन्ही हातांनी धरून चाक उलट फिरवा. कटकन सुटलं की तिथेच थांबा, क्विक रिलीजचा नट अर्धा फेरा सैल करा, मग पुढे फिरवा. सैल न करता रेटलं तर दांडा तुटतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं असेल तर बरं.

रिम घेताना: आतून १९ ते २१ मिमी, दुहेरी भिंतीची, ३६ भोकी, आणि कडेला ब्रेक घासायची पट्टी असलेली. हल्ली खडबडीत रस्त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ रिम फक्त डिस्कच्या असतात, कडेला पट्टी नाही. दिसायला देखण्या, तुम्हाला निरुपयोगी. जुने स्पोक वापरू नका. रिम बदलली की लांबी बदलते, दुकानात रिमचा आतला व्यास आणि हबच्या पाकळ्यांचं माप देऊन लांबी काढून घ्या. मागे फ्रीव्हीलच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे स्पोक साधारण दीड-दोन मिमी कमीजास्त येतात, एकाच लांबीचे ३६ देणारा दुकानदार घाईत आहे. २.० मिमीचे, मध्ये १.८ झालेले स्पोक खडीवर जास्त टिकतात, कारण धक्का मधला पातळ भाग ताणून घेतो आणि वाकणावरचा ताण कमी होतो. विणल्यावर चाक जमिनीवर आडवं ठेवून दोन्ही हातांनी रिम चारी बाजूंनी दाबा, टकटक आवाज येतील. स्पोक आपापल्या जागी बसताहेत. मग पुन्हा आउट काढा. हे केलं नाही तर पहिल्या ५० किलोमीटरमध्ये चाक सैल पडतं आणि लोक रिमला दोष देतात.

स्पोकच्या टोकांवरची पट्टी नवी घाला, कापडाची.

तयार १३० ची चाकं घ्यायचीच असतील तर ५३१ ची फ्रेम ४ मिमी उघडता येते. स्टील आहे म्हणून. ॲल्युमिनियम किंवा कार्बनला हे कधीही करायचं नाही, जुन्या चिकटवलेल्या ॲल्युमिनियम फ्रेमना तर अजिबात नाही.

तारांचा गुंता

त्या ४ मिमीसाठी फ्रेम वाकवायची गरज नाही. हाताने ओढून १३० चा हब आत जातो. पुष्कळ जण असंच वापरतात.

आरेवाला

जातो, खरं. पण पंक्चरच्या वेळी रस्त्याच्या कडेला, एका हाताने चेन धरून, दुसऱ्याने चेनस्टे ओढत चाक बसवणं म्हणजे तिसरा हात लागतो. शिवाय दोन्ही बाजूच्या पट्ट्या, म्हणजे जिथे हबचा आस बसतो त्या, बाहेर उघडल्या की थोड्या तिरक्या होतात. आस त्यांना सपाट टेकत नाही, आणि गिअरचा आकडाही (मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, लटकतो तो हूक) त्याच कोनात तिरका. वजन आणि खडीवर हा ताण आसावर येतो. एकदाच नीट करून टाकलेलं बरं.

पद्धत दोऱ्याची. फ्रेम मोकळी करा, चिमटासुद्धा काढा. एका पट्टीला दोरा बांधा, पुढे हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या पट्टीपर्यंत आणा, ताणून बांधा. आता दोऱ्यापासून सीटट्यूबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखं असेल तर मागचा भाग मधोमध आहे. मग एका बाजूचा चेनस्टे बाहेर २ मिमी, नंतर दुसऱ्या बाजूचा २ मिमी. दोन्ही पट्ट्या धरून एकदम फाकवू नका, एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा मऊ असते आणि सगळे ४ मिमी तिकडेच जातात. लांब लाकडी फळीचा तरफेसारखा उपयोग करा, फळी सीटट्यूबवर टेकवताना मध्ये चिंधी. स्टील परत उसळतं, त्यामुळे २ मिमी मिळायला २०-२५ मिमी वाकवावं लागतं. भीती वाटते, पण थोडं थोडं करत मोजत जा. ब्रिजचा जोड आणि त्याचा रंग दर वेळी बघा.

शेवटी पट्ट्या समांतर करा. एम१० चे दोन लांब बोल्ट, प्रत्येक पट्टीत एक, नटांनी आवळून, टोकं मध्ये समोरासमोर आणा. टोकाला टोक सरळ जुळलं तर पट्ट्या समांतर. नसेल तर बोल्टलाच धरून हळूहळू वाकवा.

तुमच्या बाबतीत मात्र हब चांगले आहेत, १२६ तसंच ठेवा आणि हा उद्योग टाळा. एवढंच की फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे खूप आत असतात, आस बाहेर लोंबकळतो. सामान आणि खड्डे असले की तो वाकतो आणि एक दिवस तुटतो. ७ चं फ्रीव्हील टाकलं तर आणखी. एक जादा आस, त्याच मापाचा, आटे जुळवून सामानात ठेवा. फ्रीहब (सुटं फिरणारं यंत्र हबमध्येच) असलेल्या चाकात हा त्रास नाही, तिथे छर्रे टोकाला असतात. नवी चाकं घ्यायला हे एकच खरं कारण.

सव्वीस आटे

गिअर. ८४-८५ मिमी म्हणजे बोल्टचं वर्तुळ १४४ (शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर गुणिले १.७). १४४ वर ४२ दातांच्या खालचं पुढचं दातेरी चाक मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणजे क्रँकच बदलावा लागेल. १३० चा असता तर ३८, ११० चा असता तर ३४ पर्यंत जाता आलं असतं.

कोकणातल्या त्या चढांसाठी ४२/२८ फार जड आहे. ७०० × ३८ च्या चाकाचा परीघ साधारण २.१९ मीटर. ४२/२८ ला पॅडलच्या एका फेऱ्यात ३.२८ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी जवळजवळ १२ किलोमीटर वेग ठेवावा लागेल. सामान घेऊन दहा टक्क्यांच्या चढावर तो राहत नाही. फेरे ४० वर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. पुढे २८, मागे ३४ केलंत तर फेऱ्याला १.८ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी साडेसहा किलोमीटर. यावर बसून चढता येतं.

साधा उपाय: ट्रेकिंगचा ४८/३८/२८ तिहेरी क्रँक, चौकोनी आसाचा. मागे शिमानोचं ७ चं १४-३४ फ्रीव्हील. त्याचे दात १४-१६-१८-२०-२२-२४ आणि मग एकदम ३४. ती शेवटची उडी जाणवते, पण चढासाठी ती शिडीच आहे, सपाटीला तिचा संबंध नाही. ७ चं फ्रीव्हील १२६ मध्ये सहसा बसतं. सर्वांत लहान चाक आणि सीटस्टे यांच्यात चेन जाईल एवढी फट आहे का ते बघा. नसेल तर आसावर १ मिमीचा वायसर आणि चाक पुन्हा मध्यावर.

मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा हवा. हिशोब: पुढचा फरक ४८ वजा २८ म्हणजे २०, मागचा ३४ वजा १४ म्हणजे २०, एकूण ४०. शिमानो आल्टस ४३ पर्यंत चेन आवरतो, मोठं चाक ३४. तुमचा जुना बहुधा २८-३० च्या फरकाचा असेल, तो सैल चेन लोंबत सोडेल. डाउनट्यूबवरचे क्लिक नसलेले लिव्हर ठेवा, ते कुठल्याही डिरेलरला आणि कितीही दातांना चालतात. चढावर गिअर आपोआप घसरला तर लिव्हरच्या मधला स्क्रू पाव फेरा आवळायचा. यात दुसरं रहस्य नाही.

चेनची लांबी: पुढचं मोठं आणि मागचं मोठं, दोन्हीवरून चेन डिरेलरशिवाय गुंडाळा, त्यात दोन कड्या वाढवा. कमी ठेवलीत आणि चुकून मोठं-मोठं लावलंत तर डिरेलर चाकात खेचला जातो, फ्रेमचा आकडा घेऊन.

आता रॅलेचा खास काटा. बॉटम ब्रॅकेट विकत घ्यायच्या आधी जुनं काढून बघा. बहुतेक इंग्लिश फ्रेमना बीएसए आटे असतात: इंचाला २४, व्यास १.३७ इंच, शेल (फ्रेममधली त्याची आडवी नळी) ६८ मिमी, उजवा कप उलट्या आट्यांचा. पण नॉटिंगहॅमच्या काही रॅलेंना इंचाला २६ आटे आणि शेल ७१ किंवा ७६ मिमी. २६ च्या शेलमध्ये २४ चा कप पहिले दोन फेरे छान जातो, तिसऱ्याला अडतो, आणि तिथे कोणी पान्हा लांब केला की शेलचे आटे गेले. आधी शेलची रुंदी मोजा. ६८ असेल तर बहुधा बीएसए. ५३१ च्या चांगल्या मॉडेलना बहुधा तेच असतं, तरी आटे मोजायची पट्टी लावल्याशिवाय पैसे टाकू नका. आसाची लांबी क्रँकवर छापलेल्या किंवा पत्रकातल्या मापाप्रमाणे घ्या, आतलं लहान चाक चेनस्टेपासून निदान ३ मिमी लांब राहिलं पाहिजे.

शेल मोकळा झालाच आहे तर आतला गंज बघा. खाली पाणी जायला भोक नसेल तर ४ मिमीचं पाडा, नळ्यांमध्ये उकळलेलं जवसाचं तेल फिरवा आणि दोन दिवस टांगून ठेवा. समुद्राकडे नेणार आहात.

मंद मंद

मध्येच विचारतो. प्युजोची ७० च्या दशकातली आहे, हेच सगळं तिला चालेल?

सव्वीस आटे

चाकांचं हो, बाकी जपून. जुन्या प्युजोला फ्रेंच आटे: बॉटम ब्रॅकेट ३५ × १, दोन्ही बाजूंना सरळ. म्हणजे उजवा कप इंग्लिशच्या उलट दिशेने सुटतो. उलटा रेटून कित्येकांनी तो कायमचा आवळलाय. स्टेम २२.० मिमीचा, २२.२ चा नवा आत जात नाही. दांडा बारीक पॉलिशपेपरने ०.२ मिमी घासून बसवतात, ॲल्युमिनियमचा असेल तर चालतं. पॅडल १४ × १.२५, आपल्याकडची ९/१६ इंची बसणार नाहीत, पण क्रँकमध्ये नवे आटे पाडता येतात. ८० च्या दशकात प्युजोने हे टप्प्याटप्प्याने बदललं, त्यामुळे सालावर विसंबू नका, मोजा. वेगळा धागा काढलात तर बरं.

खडीसाखर

ब्रेकचं राहिलं. मागे ६४ मिमीला तुमचा ६१० पोचत नाही, त्याचा अर्थच साधारण ६१ मिमीपर्यंत. पुढे ५८ ला तो बसेल, रबर खाचेच्या अगदी खाली जाईल. दोन्हीकडे आर५५९ केलेत तर हाताला सारखेपणा येईल. घेताना मागे बाहेरचा नट असलेला मागा. तुमच्या फ्रेमला आरपार ६ मिमीचं भोक असणार, आजकालच्या आत बुडणाऱ्या नटाला मागून ८ मिमी लागतं. बुडणारेच मिळाले तर एक युक्ती: पुढच्या ब्रेकचा बोल्ट लांब असतो, तो ब्रेक मागच्या ब्रिजवर साध्या नटाने लागतो. पुढे मात्र मुकुटाच्या मागच्या बाजूचंच भोक ८ चं करावं लागेल. पुढचं ६ तसंच ठेवा.

पुढे सेंटरपुल ठेवलाच तर त्याच्या आडव्या केबलखाली चिमट्याला एक आकडी किंवा रिफ्लेक्टरचं ब्रॅकेट हवंच. मुख्य केबल तुटली की आडवी केबल टायरवर पडते, टायरच्या गाठींत अडकते आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. सायकल थांबते, तुम्ही नाही.

ब्रेकच्या केबलला ब्रेकचंच वेष्टण, गोल वळ्यांचं. गिअरच्या वेष्टणात तारा लांबीने असतात, जोराने ब्रेक दाबला की ते फुटून तारा बाहेर येतात. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं ठेवा, मागे एका पोस्टकार्डाइतकी फट. नाहीतर ॲल्युमिनियमची रिम अशी किंचाळते की गुरं रस्ता सोडतात.

कासवगती

सगळ्यांचे आभार. यादी झाली: ७०० × ३८, जुने हब, नव्या रिम, ट्रेकिंग क्रँक, आर५५९, उंच स्टेम. टायर गाठींचा घ्यावा का? हवा किती? आणि ३८ चा टायर हवा भरलेला असताना ब्रेकच्या रबरांमधून बाहेर येईल का?

आरेवाला

गाठींचा नको. जांभा कोरडा असताना कडक असतो, वर बारीक भुकटी. तिथे गाठी काही धरत नाहीत, आणि डांबरावर नुसत्या घरघरतात. मध्ये गुळगुळीत, कडेला बारीक दाणे असा, भिंत मऊ असलेला टायर घ्या. आराम रुंदीपेक्षाही भिंतीच्या मऊपणातून येतो. जाड रबराच्या, पंक्चर होणार नाही म्हणणाऱ्या ३८ पेक्षा मऊ ३५ अंगाला बरा लागतो. मात्र कोकणात उतरायच्या आधी घाटावर सराव करणार असाल तर बाभळीचे काटे आहेत. ट्यूबमध्ये सीलंट घाला आणि दोन जादा ट्यूब ठेवा.

हवा: तुमचं वजन, सायकल आणि सामान मिळून १०० किलोच्या आत-बाहेर, त्यातलं साठ टक्के मागे. मागे ५५ पीएसआय, पुढे ४० पासून सुरू करा. मग एकेका दिवशी ३ पीएसआय कमी करत जा. खड्ड्यात रिम ठक्क लागली तर तिथून ५ वर या, तो तुमचा आकडा. पायपंपावरचा काटा दोन-चार इकडेतिकडे दाखवतो, पण तोच पंप वापरलात तर फरक पडत नाही. डांबरावर ७५ भरायची जुनी सवय मोडा. सगळा खर्च करून ३८ च्या टायरवर ७५ भरून फिरणारे असतात आणि मग फ्रेम कडक आहे म्हणतात.

रबरांमधून भरलेला टायर येणार नाही. आर५५९ ला बाजूला लहान खटका असतो, तो उघडूनही ३८ अडकतो. हवा थोडी काढून चाक काढायचं, बसवून भरायची. घाईत ओढलं तर ब्रेकचा हात तिरका होतो आणि एकच रबर घासत राहतं. पंक्चरच्या वेळी हवा गेलेलीच असते, अडचण फक्त सायकल बसच्या टपावर टाकताना.

सव्वीस आटे

एक राहिलं. सीटचा दांडा आत्ताच काढून बघा, मागाहून नको. हलत नसेल तर सीट न काढता पेनिट्रेटिंग ऑइल, रात्रभर, आणि सकाळी सीटला धरून पिळा. बाहेर आला की व्यास मोजा. ५३१ ला २७.२ असेल असं गृहीत धरू नका, पातळ-जाड नळ्यांप्रमाणे २६.४ पासून २७.२ पर्यंत काहीही निघतं. ०.२ मिमी लहान घातला तर क्लँप आवळून आवळून वरची चीर मिटते, कान तुटतो, आणि सीट तरी रोज संध्याकाळी दोन मिमी खालीच.